मृत्युपत्र: हक्क की कर्तव्य?

मृत्युपत्राचा विषय निघाला की आपल्या घरांतली वडील मंडळी गप्प होतात. ‘आमची मुले भांडणारी नाहीत,’ एवढ्यावर विषय संपतो.

पण स्वतः मिळवलेल्यावर मरणानंतरही हुकूम चालावा काय? १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपणांस पूर्ण मुभा देतो; बापाने सर्वस्व परक्यास लिहून दिले तरी चालते. मृत्युपत्र नसेल तर तिसरा हिस्सा विधवेस, बाकीचे मुलगा-मुलगी समान. इथे हॉलंडात मात्र मुलाला साफ तोडता येत नाही. मागितल्यास हिश्शाच्या निम्मी रक्कम त्याला मिळतेच. आणि मालक बाडहूव्हडॉर्पला वारला तरी अलिबागकडची वाडी भारतीय कायद्यानेच जाते.

सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे वाटा मागितला आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरले. म्हणजे वारसा ही केवळ बापाची मर्जी नव्हे. पण आजारपणात उशाशी कोण बसले, हे कायद्याला दिसत नाही. पोरक्या लेकरांचा पालक कोण, हे आईबापांनी लिहून ठेवले नाही तर इथे न्यायालय ठरवते.

म्हणून मृत्युपत्र राग काढण्यासाठी नको, जबाबदारी म्हणून करावे. आणि हातपाय धड आहेत तोवरच, मुलांना सांगून करावे.