अंकाला ताळा, शब्दाला साक्षीदार

शब्द आणि अंक एकाच खेळात आणले, की निकाल देण्याच्या दोन निराळ्या रीती समोरासमोर येतात. अंकाचे उत्तर स्वतःच आपला खरेपणा सिद्ध करते. शब्दाच्या उत्तराला कोणाची तरी साक्ष लागते. सामना एकतर्फी असेल तर हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण गुण बरोबरीत असले आणि शेवटच्या एकदोन फेऱ्या उरल्या, की सगळा निकाल त्या फरकावरच येऊन ठेपतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावाचाही या फरकाशी जवळचा संबंध आहे. तो कसा, ते सावकाश पाहू.

आधी खेळ समजून घेऊ. फ्रान्समध्ये आर्मां जामो यांनी 1965 मध्ये दूरचित्रवाणीवर सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ आणला. 1972 मध्ये त्याला अंकांची जोड मिळाली. पुढे या फ्रेंच खेळावरून ब्रिटनमध्ये ‘काउंटडाउन’ निघाला. 2 नोव्हेंबर 1982 रोजी तिथली ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावरचा पहिला कार्यक्रम होता ‘काउंटडाउन’. तो आजही चालू आहे.

दोन स्पर्धक, मध्ये 30 सेकंदांचे घड्याळ. अक्षरांच्या फेरीत नऊ अक्षरे निघतात आणि त्यांतून होईल तेवढा लांब शब्द करायचा. ज्याचा शब्द लांब, त्याला अक्षरांइतके गुण. बरोबरी झाली तर दोघांना. नऊच्या नऊ अक्षरे लावली तर गुण दुप्पट, म्हणजे 18. अंकांच्या फेरीत सहा संख्या मिळतात आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून समोरची तीन अंकी संख्या गाठायची. नेमकी गाठली तर 10 गुण, पाचाच्या आत पोचले तर 7, दहाच्या आत पोचले तर 5. शेवटी विस्कटलेल्या नऊ अक्षरांचा एक शब्द ओळखायचा, त्याला 10 गुण. तेव्हा शेवटच्या फेरीआधीचे अंतर दहा किंवा त्याहून कमी असेल, तर सामना दोघांपैकी कोणाचाही होऊ शकतो.

मराठी प्रेक्षकाला प्रश्नमंजूषा नवी नाही. 2013 मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आला. हिंदी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. मात्र त्या घाटाच्या कार्यक्रमात बरोबर उत्तर आधीच ठरलेले असते आणि चार पर्यायांत बसलेले असते. शब्द-अंकांच्या खेळात उत्तर स्पर्धक तिथल्या तिथे घडवतो. त्याने काय घडवले आहे, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तिथे पंच लागतो, आणि म्हणूनच पंच कसा निवाडा करतो याला महत्त्व येते.

अंकांच्या फेरीतला पंच पाहा. 1997 मध्ये ‘काउंटडाउन’मध्ये एका स्पर्धकासमोर 25, 50, 75, 100, 3 आणि 6 या संख्या आल्या. गाठायची होती 952. त्याने 100 मध्ये 6 मिळवून 106 केले. त्याला 3 ने गुणून 318. त्याला 75 ने गुणून 23,850. त्यातून 50 वजा करून 23,800. त्याला 25 ने भागून 952. तीन अंकी संख्येकडे जाण्यासाठी माणूस आधी तेवीस हजारांवर चढतो, हे पाहून आजही थक्क व्हायला होते. पण उत्तर मान्य करायला कोणाच्याही मताची गरज पडली नाही. वर दिलेल्या पायऱ्या कागदावर मांडा. सौंदडला बसून मांडल्या तरी 952 च येतात. सांगणारा कुठला, कोणत्या शाळेतला, त्याने पाढे कोणत्या बोलीत पाठ केले, याची चौकशी इथे होतच नाही.

अंकाची ही ताकद केवढी मोठी आहे, हे महाराष्ट्राने एका माणसाच्या आयुष्यात पाहिले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 चा, डहाणूचा. ते देवळालीला शाळेत शिकवत. गणितातली मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि संख्यांशी त्यांचे चाललेले काम पुष्कळांना क्षुल्लक वाटे. त्यांनी एक गोष्ट शोधली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येते आणि तिथून पुढे हलत नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. तेच वर्ष घेऊ. 9991 वजा 1999 म्हणजे 7992. 9972 वजा 2799 म्हणजे 7173. 7731 वजा 1377 म्हणजे 6354. 6543 वजा 3456 म्हणजे 3087. 8730 वजा 0378 म्हणजे 8352. 8532 वजा 2358 म्हणजे 6174. सहाव्या फेरीत आपण पोचलो. आता 7641 मधून 1467 वजा करा, पुन्हा 6174 च.

1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तोवरची उपेक्षा खरी होती, पण तिने 6174 ला काही झाले नाही. देवळालीच्या शिक्षकाची संख्या खरी ठरायला कोणाच्या शिफारशीची गरज नव्हती, फक्त कोणीतरी वजाबाकी करून पाहण्याची गरज होती. अंकाच्या बाबतीत न्यायाला उशीर होतो, पण पुरावा जागच्या जागी शाबूत राहतो.

शब्दाचे तसे नाही. ‘काउंटडाउन’मध्ये एका कोपऱ्यात शब्दकोश घेऊन जाणकार बसलेले असतात. स्पर्धकाने आठ अक्षरी शब्द सांगितला आणि तो कोशात निघाला नाही, तर त्याला शून्य. समोरच्याचा सात अक्षरी शब्द मग आपोआप जिंकतो. शब्द चूक होता असे नाही. नोंद नव्हती, एवढेच. एखादा शब्द हजार घरांत रोज बोलला जात असला, तरी नोंद नसली की त्या टेबलावर त्याची किंमत शून्य.

हा खेळ मराठीत आणायचा म्हटले तर कोशाच्याही आधी करार करावे लागतील. आपल्या शब्दकोड्यात एका चौकोनात मात्रा-वेलांटीसकट एक अक्षर बसते, जोडाक्षरही एकाच घरात मावते. म्हणजे ‘बांधी’ (धानाच्या शेताचा एक भाग) हा शब्द दोन घरांचा. तोच शब्द वर्णांत फोडला तर लांबी वेगळी. कोणती मोजणी धरायची, हे बसून ठरवावे लागेल. सहात शंभर मिळवले की एकशे सहा होतात, हे ठरवायला बैठक लागत नाही. शब्दाच्या वाटेवर मात्र पावलोपावली माणसांची संमती लागते.

आता सौंदडला येऊ. सडक अर्जुनी तालुक्यातले, राष्ट्रीय महामार्गावरचे हे गाव. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक. भोवताल सगळा धानाचा, तलाव-बोड्यांचा. ही झाडीपट्टी, आणि इथली बोली झाडीबोली. या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. डोळा हा ‘डोरा’ होतो. धानाचे शेत बांध्यांत विभागलेले असते, पऱ्हे म्हणजे रोपे टाकतात, रोवणी म्हणजे लावणी करतात, आणि कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून पुंजणे उभे करतात. ‘धानाचे पुंजणे जळाले’ ही बातमी या भागातल्या वाचकाने अनेकदा वाचली असेल. बोलताना त्याचाच ‘पुंजना’ होतो.

समजा, अक्षरे मोजून गुण देणारा मराठी सामना चालू आहे. एकीकडे सौंदडची मुलगी, दुसरीकडे पुण्याची. दोघींचे गुण 71. शब्दाची एक फेरी, अंकांची एक आणि शेवटचे कोडे, एवढेच उरले आहे. दिलेल्या अक्षरांतून पुण्याची मुलगी ‘पुंज’ काढते, दोन अक्षरे. सौंदडची ‘पुंजना’ म्हणते, तीन अक्षरे. अंकांच्या फेरीत दोघी नेमके उत्तर देतात, दहा-दहा गुण. शेवटचे कोडे कोणालाच सुटत नाही. ‘पुंजना’ मान्य झाला तर सौंदड 84, पुणे 81. अमान्य झाला तर सौंदड 81, पुणे 83. दोघींची बुद्धी तीच, मेहनत तीच, तयारी तीच. अंकांच्या फेरीने दोघींना समान न्याय दिला. निकाल फिरला तो कोशातल्या एका ओळीवर.

कोणी म्हणेल, मग बोलीतले सगळेच शब्द मान्य करा. तसे चालणार नाही. कोणीही काहीही बोलेल आणि ‘आमच्याकडे असेच म्हणतात’ म्हणेल. मग चुरस शब्दांची राहणार नाही, घासाघिशीची होईल. कोशाचा कडकपणा दोन्ही खेळाडूंच्या रक्षणासाठीच असतो. पंच ठाम नसेल तर मुकाट्याने खेळणाऱ्यावर अन्याय होतो आणि मोठ्याने बोलणारा जिंकतो. म्हणून कोश झुगारून उपयोग नाही. कोश कसा होतो, तिकडे पाहायला हवे.

कोश आकाशातून पडत नाही. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश करताना जेम्स मरे यांनी 1879 मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केले. सामान्य माणसांनी शब्द कुठे, कसा वापरला आहे याच्या चिठ्ठ्या लिहून पाठवल्या. पहिला भाग निघाला 1884 मध्ये, काम पुरे झाले 1928 मध्ये. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले. त्यात प्रांतोप्रांतीच्या शब्दांपुढे त्या त्या प्रांताची खूण आहे. झाडीपट्टीसाठी हेच काम महामार्गावरच्याच साकोलीत डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हाती घेतले. त्यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला आणि बोलीच्या साहित्य चळवळीला उभे केले.

कोश म्हणजे साक्षींचे दप्तर. अंक स्वतःचा ताळा स्वतः देतो, म्हणून त्याला दप्तर लागत नाही. शब्दाचा ताळा म्हणजे तो बोलणारी माणसे. ती बोलली आणि कोणी लिहून घेतले, तर शब्द पंचापुढे उभा राहतो. लिहून घेतले नाही, तर माणसांबरोबर पुरावाही जातो. कापरेकर 1986 मध्ये गेले, 6174 मागे राहिले. ते कोणालाही पुन्हा सापडले असते. रोवणीच्या बायका ज्या शब्दांनी चिखलाचे प्रकार सांगतात, ते शब्द त्यांच्यानंतर गणित करून सापडणार नाहीत. शब्द असा नाजूक आहे, म्हणूनच त्याची जबाबदारी जवळच्या माणसांवर येते.

चुरशीचा सामना शब्दाचा हा नाजूकपणा दाखवून देतो, हीच त्याची खरी किंमत. वीस गुणांनी जिंकला-हरलेला सामना स्पर्धकांची पारख करतो. दोन गुणांनी सुटलेला सामना नियमांची आणि कोशाचीही पारख करतो.

म्हणून सौंदड, सडक अर्जुनी, साकोली, अर्जुनी मोरगाव या भागातल्या शिक्षकांना एक विनंती. हा खेळ शाळेत खेळा. फळा, खडू आणि घड्याळ एवढे पुरते. अंकांची फेरी आहे तशीच ठेवा. शब्दांच्या फेरीत एकच नियम वाढवा. कोशात नसलेला शब्द मुलाने सांगितला, तर तो लगेच बाद करू नका, लगेच मान्यही करू नका. त्याचे गुण आठवडाभर राखून ठेवा. मुलाने दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोन माणसांकडून तो शब्द, त्याचा अर्थ आणि तो घालून केलेले एक वाक्य लिहून आणावे. दोन्ही अर्थ जुळले तर गुण द्या, आणि शब्द सांगणाऱ्यांच्या गावांसकट शाळेच्या वहीत नोंदवा. जुळले नाहीत तर शून्य द्या, आणि ते का, हे वर्गाला समजावून सांगा. हरलेल्या मुलालाही हा निकाल पटेल, कारण साक्ष त्याने स्वतः तपासलेली असेल. अशी वही प्रत्येक शाळेत भरत गेली, तर पुढच्या कोशकाराला झाडीपट्टीत शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.