टिकू नये असा निरोप

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून भरते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि पुन्हा खाली यायचे, एकूण 21 किलोमीटर. इतकी दमछाक होऊनही शेवटी मन प्रसन्न होते. या प्रसन्नतेचे श्रेय आपण वर्षानुवर्षे एंडॉर्फिनला दिले. पण 2021 साली जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात एंडॉर्फिनची वाट अडवणारे औषध देऊनही धावणाऱ्यांना तो आनंद मिळालाच. त्यामुळे आनंदामाइडवरचा संशय बळावला. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना 1992 मध्ये सापडलेला हा पदार्थ आपलेच शरीर बनवते, आणि गांजातले द्रव्य मेंदूतल्या ज्या रिसेप्टरला चिकटते त्यालाच तोही चिकटतो.

मेंदूतली बहुतेक रसायने आधीच तयार होऊन पेशीत साठवलेली असतात. आनंदामाइड आणि त्याचे भावंड 2-एजी यांची तऱ्हा निराळी आहे. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशातून ते जागच्या जागी घडवले जातात. ते जातातही उलट्या दिशेने: निरोप ऐकणारी पेशी सांगणारीला ‘आता पुरे’ म्हणते. काम होताच आनंदामाइडला फाह आणि 2-एजीला मुख्यतः मॅगल हे एन्झाइम मोडून टाकते.

ही मोडतोड थांबवली तर सुख टिकेल, दुखणेही कमी होईल, हा विचार औषध कंपन्यांनाही सुचला. गुडघ्याच्या संधिवातावर फाह रोखणारी गोळी देऊन पाहिली गेली. रक्तातले आनंदामाइड कितीतरी वाढले, दुखणे मात्र कमी झाले नाही. उंदरांमध्ये मॅगल दीर्घकाळ बंद ठेवले, तेव्हा रिसेप्टरच बधिर झाले. गांजाही असाच मेंदूभर पसरतो आणि तासन्‌तास रेंगाळतो. नेहमीच्या ओढणाऱ्याला मग तेवढ्यावर भागत नाही.

म्हणजे या रेणूंचे मोल त्यांच्या साठ्यात नाही, नेमकी जागा आणि नेमका क्षण साधण्यात आहे. सुख टिकत नाही ही माणसाची जुनी तक्रार. शरीराला त्यात दोष दिसत नाही. सतत वाजणाऱ्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून आनंद घडवण्याची जेवढी तजवीज त्याने केली, तेवढीच तो वेळेवर मोडण्याचीही केली. गोळीतून कायमचे सुख शोधणाऱ्यांनी या दुसऱ्या तजविजीकडे शत्रू म्हणून पाहिले, आणि बहुधा तिथेच त्यांचा हिशेब चुकला.