जमा आणि नावे

मुळशीला गेलेला माणूस धरण बघतो, कांदाभजी खातो आणि परत फिरतो. मीही त्यातलाच. पण परवा एस.टी. चुकली, म्हणून तळ्याकाठानं पायी निघालो. वाटेत एका आजोबांनी काठीनं पाणी दाखवलं, "तितं आमचं घर व्हतं."

१९२१ साली सेनापती बापट आणि मावळे शेतकरी याच धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. धरण झालंच. पाणी भिऱ्याला उतरतं, त्याची वीज मुंबईला!

एकाच्या खात्यात जमा, तर दुसऱ्याच्या नावे, हे मुंबईत दिव्याखाली बसून मी बी.कॉम.ला घोकलं. तो दिवा कुणाच्या नावे, हे पुस्तकात नव्हतं.

"जेवलात का पाव्हणं?" आजोबा म्हणाले. "चला घरी."

म्हणजे पुन्हा माझ्याच नावे!