आधी चाकरी, मग मत

वाहाका हे मेक्सिकोच्या दक्षिणेकडचे डोंगराळ राज्य. तिथे ५७० पालिका आहेत. त्यांतल्या कित्येक आपल्या ग्रामपंचायतीएवढ्याच. यांपैकी ४१७ पालिकांच्या निवडणुकीत राजकीय पक्षांना प्रवेश नाही. झापोतेक, मिश्तेक आणि इतर आदिवासी समाजांचे लोक गावसभेला जमतात, नावे पुकारली जातात. पुढची रीत गावागणिक वेगळी. कुठे हात वर करतात, कुठे उमेदवाराच्या मागे रांग लावतात, कुठे एकेक जण फळ्याशी जाऊन नावापुढे खडूने रेघ ओढतो, सगळ्यांच्या देखत. राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ आली की हीच माणसे देशातल्या इतरांसारखे गुप्त मतदान करतात.

उघड मतदान म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो यावाच. पाटलासमोर हात वर करणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण वाहाकातल्या गावकीत मताची पाळी फार उशिरा येते. पोरगा हाताशी आला की आधी तोपिल होतो : निरोप पोचवायचे, रात्री गस्त घालायची, झिंगलेल्याला कोठडीत नेऊन टाकायचे. हे सारे पूर्वापार बिनपगारी. मग काही वर्षे स्वतःचे शेत, मग वरची पायरी. शिवाय तेकिओ, म्हणजे रस्ता, पाणी, शाळा यांसाठी सगळ्यांनी मिळून करायची मेहनत. त्यामुळे सभेत नाव निघते तेव्हा त्या माणसाचा सगळा हिशेब गावाला तोंडपाठ असतो. प्रचार कसला करणार? पद हा बहुतेकदा भुर्दंडच. ते टाळायला बघणाऱ्याच्याही गळ्यात पडते. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात पदांचा लिलाव झाल्यावरून राज्य निवडणूक आयोगाला निवडणूकच रद्द करावी लागली होती, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही.

तरी भाबडेपणा नको. या व्यवस्थेचा सांगाडा बराचसा स्पॅनिश वसाहतीच्या काळातला. पुढे ७१ वर्षे सलग सत्तेत राहिलेल्या पीआरआय पक्षाने तिच्याशी सोयीचा संसार मांडला : गावाने सभेत माणूस निवडायचा आणि पक्षाने त्यालाच आपला उमेदवार म्हणून नोंदवायचे. १९९४ च्या जानेवारीत शेजारच्या चियापासमध्ये मुख्यतः आदिवासी असलेल्या झापातिस्तांचे बंड झाले आणि १९९५ मध्ये वाहाकाने ही पद्धत निवडणूक कायद्यात आणली. आदिवासींविषयीचा आदर त्यात असेलही. विरोधी पक्षांना गावाबाहेर ठेवण्याची सोय मात्र नक्की होती.

कायद्यात आल्यावर प्रथेला प्रश्न विचारता येऊ लागले. २००७ मध्ये सांता मारिया किएगोलानी या झापोतेक गावात एउफ्रोसिना क्रूस पालिकेच्या अध्यक्षपदाला उभी राहिली आणि बाई म्हणून तिची मते बाद झाली. २०१० मध्ये ती राज्याच्या विधिमंडळात गेली, त्याची अध्यक्षही झाली. २०१५ मध्ये मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात दुरुस्ती होऊन आदिवासी स्त्रियांचा मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क स्पष्ट झाला. माझ्या मते याने प्रथा बुडाली नाही, तिचीच अट नीट लागू झाली. चाकरीवर मत मिळणार असेल, तर उत्सवाचा स्वयंपाक ही चाकरी नव्हे काय? नवरा अमेरिकेत मजुरीला गेल्यावर त्याच्या वाट्याचे तेकिओ बायकोच करत होती. हिशेब होता, फक्त नाव तिचे नव्हते.

वस्त्यांचे भांडण मात्र इतक्या सोप्या न्यायाने मिटत नाही. एका पालिकेत मुख्य गाव आणि भोवतीच्या वस्त्या असतात. पूर्वी प्रत्येक वस्ती आपापली सभा भरवी, आणि मुख्य गावाच्या अध्यक्षपदाशी वस्तीला फारसे देणेघेणे नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केंद्राचा निधी वाढला, आणि तो उतरतो मुख्य गावाच्या कचेरीत. आता वस्त्यांना तिथे मत हवे आहे. मुख्य गाव म्हणते, आमच्याकडे चाकरी केली नाही त्याला मत कसले? वस्ती म्हणते, तेकिओ आम्हीही करतो, आमच्या वस्तीत. आणि पैसा तर सगळ्यांची डोकी मोजून आलेला आहे. निवडणूक न्यायाधिकरणाने निवडणूक रद्द केली तरी नवी घ्यायची कुणाच्या सभेत, हा वाद पुन्हा उभा राहतोच.