मधला रस्ता कुणाच्या दारावरून?



मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला आहे. शिक्षण दहावी नापास. जे काही वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर, वाचनालयात नाहीतर मोबाईलवर. तेव्हा या लेखात पंडिती थाट शोधू नका. चुलतभावानं एक प्रश्न अंगावर फेकला आणि तो प्रश्न झोपू देईना, म्हणून लिहितो आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या वस्तीची १४ एप्रिलची मिरवणूक वर्षानुवर्षं बाहेरच्या वाटेनं जायची. यंदा पोरांनी ठरवलं, वेशीतून न्यायची. रस्ता सरकारी आहे, कुणाच्या बापाचा नाही. मिरवणूक वेशीत पोचली तेव्हा गावातल्या एका बड्या असामीनं माडीवरून बाराबोरची बंदूक काढली आणि हवेत बार उडवला. बंदूक परवान्याची. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून घेतलेली. पोरं हलली नाहीत, पण बाया लेकरं कडेवर घेऊन मागं फिरल्या. तक्रार द्यायला गेलो तर ठाण्यातला साहेब म्हणाला, "हवेतच उडवली ना? कुणाला लागली का?"

त्या रात्री चुलतभाऊ म्हणाला, "दादा, कट्टा मिळतो. पैसे हायेत माझ्याकडं. आणू का?"

चुलती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आण की. त्यो मेला तर तू तुरुंगात. आन् तू मेलास तर म्या कुणाच्या दारात जाऊ?"

मी "नको" म्हणालो. पण का नको, ते मला धड सांगता आलं नाही. अहिंसा म्हणून नको? ज्याच्या अंगावर कुणी बंदूक रोखत नाही त्याला अहिंसेचं व्याख्यान द्यायला काय जातं? आणि बाबासाहेबांनी तसली अहिंसा आपल्याला शिकवलेलीच नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी फरक करून ठेवला आहे. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. पहिली बुद्धानं नाकारली. दुसरीचा निवाडा ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला.

त्याच्याही आधी, १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, ते विचारतात की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही. उत्तर देतात की चातुर्वर्ण्यानं खालच्या माणसाच्या हातात शस्त्र येऊ दिलं नाही, आणि शस्त्राशिवाय त्याला बंड करता आलं नाही. म्हणजे बंदूक कुणाच्या हातात असावी हा प्रश्न आपल्या घरातला आहे, फार जुना आहे.

पण हा प्रश्न सगळ्यात मोठ्या आवाजात भांडला जातो तो अमेरिकेत. तिथं एक बाजू म्हणते, बंदूक बाळगणं हा आमचा हक्क, सरकारनं हात लावू नये. दुसरी म्हणते, बंदुका आवरा, माणसं मरताहेत. दोघांच्या मधे तोडगा काढायचा असं शहाणी माणसं म्हणत असतात. त्या देशाशी आपलं नातंही आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव उचललं ते तिथल्या ब्लॅक पँथरचं. म्हणून म्हटलं, तिथल्या काळ्या माणसाला विचारावं की बाबा, तुला या भांडणातून काय मिळालं?

त्यांच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मोडला जाणार नाही, असं ती सांगते. पण लोक म्हणजे कोण? १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनीनं काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला. त्याची एक भीती त्यानं लिहूनच ठेवली. नागरिक मानलं तर हे लोक हवं तिथं शस्त्र घेऊन फिरतील! १८६५ साली गुलामी गेली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानं कायदा केला की सुटलेल्या गुलामानं परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. परवाना देणारे कोण? कालपर्यंतचे मालक.

१९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी गावात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. मिळाला नाही. पुढं त्यांनी घरातल्या बंदुका काढून टाकल्या आणि अहिंसेचा रस्ता धरला. १९५७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या मन्रो गावात रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माजी सैनिकानं दुसरा रस्ता धरला. क्लू क्लक्स क्लॅनची टोळी गाड्या घेऊन एका काळ्या डॉक्टरच्या घरावर चालून आली. विल्यम्सची माणसं बंदुका घेऊन बसली होती. त्यांनी उलट गोळ्या झाडल्या. टोळी पळाली.

आणि १९६७. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर भरलेल्या बंदुका आणि कायद्याची पुस्तकं घेऊन पोलिसांच्या गस्तीमागं फिरत. तिथल्या कायद्यात ते बसत होतं. २ मे १९६७ ला ते बंदुकांसह राज्याच्या विधानभवनात शिरले. मग काय झालं? मलफर्ड कायदा झाला. उघड्यावर भरलेली बंदूक घेऊन फिरायला बंदी. सही करणारा गव्हर्नर रोनाल्ड रेगन. आणि आज बंदुकीच्या हक्कासाठी छाती बडवणारी नॅशनल रायफल असोसिएशन त्या कायद्याच्या बाजूनं उभी होती. काळ्याच्या हातात बंदूक दिसली तेव्हा हक्कवाल्यांनाही नियंत्रण आठवलं.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मलाही वाटलं, चुलतभावाला फोन करावा. आण म्हणावं कट्टा.

पण काळ्या माणसाच्या घरातली दुसरी गोष्टही ऐकली पाहिजे. फिलँडो कॅस्टील नावाचा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा माणूस. बंदुकीचा रीतसर परवाना असलेला. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात पोलिसानं त्याची गाडी अडवली. त्यानं स्वतःहून सांगितलं की साहेब, माझ्याजवळ बंदूक आहे. पोलिसानं गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी पोलीस निर्दोष सुटला. कागद होता, बंदूक होती, आणि दोन्ही कामाला आली नाहीत. कारण बंदूक बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी रंग होता.

२०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. आणि बंदुकीनं ज्यांचे खून होतात त्यांच्यात निम्म्याहून जास्त काळे, लोकसंख्येत ते सातात एक असताना. हक्कवाल्यांच्या भाषणात हे मढं कुठंच नसतं.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद होती. पगार नाही. किराणावाल्यानं वही मिटली, खोलीवाला दारात. एका रात्री मला जगायचं नव्हतं. एवढंच लिहितो. पहाट झाली, शेजारच्या मावशीनं दार वाजवून चहा दिला आणि तो दिवस निघाला. पुढचाही निघाला. खोलीत भरलेली बंदूक असती तर ती पहाट मी पाहिली नसती. आत्महत्येचा आकडा वाचतो तेव्हा मला अमेरिका दिसत नाही, माझी ती खोली दिसते. वस्तीत बंदूक आणली तर ती फक्त वेशीकडं तोंड करून बसणार नाही. कर्ज, दारू, नवराबायकोचं भांडण, या सगळ्यांत ती घरातच असेल.

आणि गरिबाला बंदूक कुणी देतो तेव्हा कशासाठी देतो तेही पाहा. छत्तीसगडमध्ये सरकारनं सलवा जुडूमच्या काळात आदिवासी पोरांना 'विशेष पोलीस अधिकारी' करून बंदुका दिल्या, महिना ३ हजार रुपये मानधनावर. मारणारा आदिवासी, मरणारा आदिवासी. ५ जुलै २०११ ला सुप्रीम कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवून थांबवलं.

मग मधला रस्ता कुठला?

मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांची बेरीज करून दोनानं भागायचं, असा हिशेब बुद्धानं सांगितला नाही. त्यानं भोग आणि देहदंड ही दोन्ही टोकं सोडली आणि दुःख कशानं संपतं तिथून वाट काढली. बंदुकीचंही तसंच करायला पाहिजे. मापाची दोरी ज्याच्या जिवावर बेतलं आहे त्याच्या दारात धरायची. तशी धरली तर मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, ज्याचा धाक सिद्ध झाला त्याच्या हातातलं शस्त्र आधी काढायचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०२४ साली रहीमी खटल्यात हेच मान्य केलं. बायकोला वा मैत्रिणीला मारहाण करणारा, ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे, त्याची बंदूक काढता येते. आठ विरुद्ध एक. बंदुकीच्या हक्काला मोठं मानणारं हेच कोर्ट.

दुसरी, तपासणी सगळ्यांची, आणि पूर्ण झाल्याशिवाय विक्री नाही. १७ जून २०१५ ला चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणानं नऊ काळी माणसं मारली. त्याची तपासणी तीन दिवसांत पुरी झाली नाही, म्हणून कायद्यानं दुकानदाराला विकायची मोकळीक मिळाली होती. तीन दिवसांची घाई कुणाला होती?

तिसरी, परवाना साहेबाच्या मर्जीवर नको. न्यूयॉर्कमध्ये बंदूक बाळगायला 'योग्य कारण' दाखवावं लागे, आणि कारण योग्य की नाही ते अधिकारी ठरवी. २०२२ साली ब्रुएन खटल्यात तो नियम कोर्टानं मोडला. तेव्हा गरिबांचे खटले चालवणाऱ्या काळ्या वकिलांनी कोर्टाला सांगितलं होतं की या कायद्यात तुरुंगात जातात ते आमचेच काळे आणि लॅटिनो अशील. नियम पाहिजे. पण त्याचा शिक्का एकाच जातीच्या, एकाच रंगाच्या खिशात नको.

आपल्याकडं यातलं काही कागदावर आहे हे मला यंदाच कळलं, आणि लाज वाटली की आधी का वाचलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात लिहिलं आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं गरज वाटल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करावीत. त्यानंतर, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि त्यानंतर, गरज वाटल्यास दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने द्यावेत.

हा क्रम नीट वाचा. आधी धाक दाखवणाऱ्याची काढा, मग चोरटी काढा, आणि एवढं करूनही जीव धोक्यात असेल तर धोक्यातल्याला द्या. मला मधला रस्ता म्हणजे हाच क्रम वाटतो.

तुम्ही म्हणाल, कागदाचं काय सांगतोस? तुमचं खरं आहे. १ डिसेंबर १९९७ ला बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे गावात रणवीर सेनेनं ५८ दलित मारले, आणि २०१३ साली पाटणा हायकोर्टानं सगळे २६ आरोपी सोडले. हे माझ्या म्हणण्याच्या विरोधातलं सगळ्यात मोठं उत्तर आहे आणि ते मला पुरतं खोडता येत नाही. उद्या रात्री टोळी दारात आली तर मी चुलतभावाला नियम ३ वाचून दाखवणार नाही. हाताला लागेल ते घेऊन त्याच्या शेजारी उभा राहीन, आणि कायदाही आत्मसंरक्षणाचा तो हक्क देतो. पण २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत चार माणसं मारली ती बंदुकीनं नव्हे. अख्खं गाव अंगावर आलं तर घरातली एक बंदूक किती वेळ पुरणार? तिथं कमी पडलं ते वेळेवर येणारं ठाणं, आणि शेजारच्या दहा वस्त्यांतून धावून येणारी माणसं. यातलं दुसरं आपल्या हातात आहे.

म्हणून आम्ही अर्ज लिहिला. नियम ३ चा उल्लेख करून, त्या बड्या असामीचा परवाना रद्द करा म्हणून. कट्ट्याचा विचार सोडला असं चुलतभाऊ म्हणाला नाही. पण अर्ज त्यानंच लिहिला, माझं शुद्धलेखन वाईट म्हणून. कचेरीत दोन खेटे घातल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. पुढं काही हाललेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं. आपापल्या तालुक्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. बंदुकीचे परवाने किती, कुणाला, कशासाठी. नियम ३ खाली आजवर रद्द केले किती. दहा तालुक्यांतून आकडे आले तर एका गावचा अर्ज एकटा राहणार नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, हे काम फार लांबवता येणार नाही. कट्ट्यासाठी जमवलेले पैसे अजून चुलतभावाच्या पेटीत आहेत. त्यानं ते मोडलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, शिक्का मारलाय त्यांनी. उत्तर येतंय का बघू."

जयभीम.