डोळे मिटून

माझ्या नातीने मला एकदा एक प्रश्न विचारला होता. त्याला दहाएक वर्षे झाली. उत्तर मी अजून दिलेले नाही.

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. व्हायोला वाजवायची. व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, आवाजाने खर्जाकडे झुकलेले हे वाद्य; वाद्यवृंदात त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण ते काढून घेतले तर सगळे संगीत मधून पोकळ होते. अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची लांब सुट्टी असते आणि त्या सुट्टीत पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुले रानातल्या शिबिरांत राहायला जातात. मिशिगन राज्यात दोन तळ्यांच्या मधे इंटरलॉकन म्हणून जागा आहे. तिथे जोसेफ मॅडी या संगीतशिक्षकाने १९२८ साली शाळकरी मुलांचा वाद्यवृंद जमवला आणि मोठे शिबिर उभे केले. तिथली एक प्रथा पुष्कळ वर्षे गाजत होती. वाद्यवृंदात कोणी पुढे बसायचे आणि कोणी मागे, हे आठवड्याच्या आठवड्याला मुलेच ठरवत. मागच्या खुर्चीवरच्या मुलाने पुढच्याला आव्हान द्यायचे, दोघांनी तोच तुकडा वाजवायचा, बाकीच्यांनी पाठ फिरवून, डोळे मिटून ऐकायचे आणि पहिला चांगला की दुसरा, ते हात वर करून सांगायचे. नातीचे शिबिर याहून फार लहान होते, पण ही प्रथा त्यांनीही उचलली होती.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे कोण कुणाचा कोण, हे आधी पाहतात आणि मग कान उघडतात. इथे चौदा-पंधरा वर्षांची पोरे नाव, रंग, रूप सगळे बाजूला ठेवून नुसता स्वर तोलत होती. मोठ्या माणसांनाही हे उशिरा सुचले. १९७०च्या सुमारास तिकडच्या बऱ्याच वाद्यवृंदांनी उमेदवारांची परीक्षा पडद्याआडून घ्यायला सुरुवात केली. बाईच्या टाचांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी खाली गालिचा अंथरत. पुढच्या काळात त्या वाद्यवृंदांतून बायकांची संख्या वाढली. जे डोळ्यांना दिसले असते तर झाले नसते, ते पडद्याने केले. हे लहान काम नव्हे.

पण त्या रविवारी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा नात जेवली नाही. तळ्याकाठच्या बाकावर बसून तिने मला सगळे सांगितले. शुक्रवारी तिच्या मैत्रिणीला आव्हान मिळाले होते. मैत्रीण तिसऱ्या खुर्चीवर, आव्हान देणारा मुलगा चौथ्या. सगळ्यांनी पाठी फिरवल्या, डोळे मिटले. आणि पहिला स्वर निघायच्या आतच नातीला कळले की ही आपली मैत्रीण.

“कशावरून?” मी विचारले.

“ती नाकाने श्वास घेते ना, सुरू करायच्या आधी. तो ऐकू आला.”

या दोघी रोज सकाळी चौघांच्या गटात वाजवत. अशा गटाला हात हलवून ताल दाखवणारा कुणी नसतो. चौघांनी एकदम सुरुवात करायची तर एकजण श्वास घेतो आणि बाकीचे तो श्वास ऐकून गज टेकवतात. तीन आठवडे शिक्षक त्यांना हेच शिकवत होते : स्वर नंतर, आधी शेजाऱ्याचा श्वास ऐका. सकाळी ज्या कानाला शेजारीण ओळखायला शिकवले, त्याच कानाने तिसऱ्या प्रहरी तिला ओळखू नये, अशी अपेक्षा होती.

मैत्रिणीने मधल्या ओळींत घाई केली. मुलगा स्थिर वाजवून गेला. नातीने दुसऱ्यासाठी हात वर केला. आणखी किती हात वर होते ते तिला ठाऊक नाही, कारण डोळे मिटलेले होते. डोळे उघडले तेव्हा खुर्च्यांची अदलाबदल चालली होती. दोन वादकांना मिळून एकच स्वरलिपी समोर असते आणि आतल्या बाजूला बसणाऱ्याने पान उलटायचे असते. कालपर्यंत तो मुलगा पान उलटत होता, आता मैत्रीण उलटू लागली. नात त्यांच्या बरोब्बर मागे, पाचव्या खुर्चीवर होती. रात्री मैत्रिणीने विचारले, “मी कुठली ते तुला कळलं होतं?” ही म्हणाली, “नाही.”

“आजी, तू काय केलं असतंस?”

मी तिला आंधळ्या न्यायदेवतेविषयी काहीतरी सांगितले असणार. मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही.

मी कॉलेजात शिकवत होते, तेव्हा उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासायला येत. वर नाव नसे, नुसता क्रमांक. एका वर्षी एका पेपरातले अक्षर मी ओळखले. दोन वर्षे माझ्या घरी पुस्तके वाचायला येणाऱ्या, परिस्थितीने बेताच्या मुलाचे ते अक्षर होते. नियमाप्रमाणे पेपर परत पाठवायला हवा होता. मी पाठवला नाही. एका उत्तराचे गुण तीनदा खोडले आणि अखेर पहिल्यापेक्षा दोन कमी दिले. आपण पक्षपात केला असे उद्या कुणी म्हणेल, या भयाने. खरे म्हणजे कुणी म्हणणार नव्हते. मीच मला म्हटले असते. निकालानंतर तो पेढे घेऊन आला. मी एक पेढा खाल्ला आणि त्याचे अभिनंदन केले.

त्या दिवशी नातीने मला घाबरवले ते यामुळे. तिनेही ओळखले आणि तरी जे ऐकले तेवढेच सांगितले. की माझ्यासारखेच, ओळखले म्हणूनच हात अधिक चटकन वर गेला? हे मी तिला विचारले नाही. विचारले असते तर चौदा वर्षांची पोर काय सांगणार होती!

व्हर्मोंटमध्ये मार्लबरो नावाच्या टेकडीवरच्या गावी याच्या अगदी उलट रीत आहे. पियानोवादक रुडॉल्फ सर्किन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५१ साली ती सुरू केली. नावाजलेले वादक आणि तरुण वादक एकाच गटात बसून एकच रचना हवे तितके दिवस घोळतात. ती लोकांसमोर यायलाच हवी असे नाही. पुष्कळ रचना येतही नाहीत. जेवणघरात ही मंडळी एकमेकांना कागदी रुमालांचे गोळे करून मारतात आणि सर्किनही त्यात मागे नसत. तिथे कुणी पाठ फिरवत नाही. हे वाचून मला हेवा वाटला होता. पण तिथे प्रवेश मिळायचा तर आधी दारात परीक्षा आहेच. पारख टळली नाही, फक्त तिची जागा बदलली.

न्याय करणाऱ्याने समोरच्याला ओळखू नये, असे आपण मानतो, आणि पडद्याने केलेले भले पाहता ते योग्यच आहे. पण ज्याने खरोखर ऐकायला शिकले, त्याला न ओळखणे जमणार कसे? कान जितका तयार, तितका पडदा विरळ. तो विरळ होऊ नये म्हणून कान कच्चा ठेवायचा की काय?

शिबिराच्या शेवटच्या मैफलीला आम्ही गेलो होतो. मी मुद्दाम व्हायोलांच्या बाजूची जागा धरली. मैत्रीण पान उलटत होती, मागे नात मान खाली घालून बसली होती. निर्देशकाने हात उचलला, तेव्हा मी डोळे मिटले. पण झाडांत वारा होता आणि पुढच्या रांगेत एक मूल रडत होते. कुणाचाच श्वास मला ऐकू आला नाही.