वैराग्य की विषाद?

वृद्ध माता बोलेनाशी झाली, अन्नावरून तिचे मन उडाले, की घरची मंडळी समाधानाने म्हणतात, 'तिला आता वैराग्य आले.' ही समजूत तपासून पाहणे अवश्य आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या २०१७-१८ सालच्या देशव्यापी पाहणीत ६० वर्षे व त्यांवरील वयाच्या शंभरांपैकी सुमारे ८ जणांत विषादरोगाची तीव्र लक्षणे आढळली. तसे निदान झाल्याचे सांगणारे मात्र शंभरांत १ सुद्धा नव्हते. बाकीचे आपल्याच घरांतून, आपल्या डोळ्यांदेखत, तसेच दिवस कंठीत असतात.

वैराग्य व विषाद दिसावयास सारखे. परंतु विरक्ताची आसक्ती सुटते, प्रसन्नता सुटत नाही. विषण्णाची प्रसन्नता आधी जाते, आणि 'मी घरास भार झालो' ही चिंता त्यास रात्री झोपू देत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात शोक व विषाद न सोडणारी धृती तामसी म्हटली आहे, हे खरे; पण ते वचन रोग्यालाच ऐकविणारे पंडित धन्य होत! ज्वराने कण्हणाऱ्यास आपण उपदेश करतो काय? विषादावर औषध आहे, संभाषणाचा उपचारही आहे, आणि केवळ वय झाले म्हणून ते निष्फळ ठरत नाहीत. मात्र ज्याचा उत्साहच हरपला, तो 'मला डॉक्टरांकडे न्या' असे आपण होऊन क्वचितच म्हणेल. ते मुलासुनांनीच ओळखावयाचे आहे.